दोन मुली हरवल्या, शोध एकीचाच

  भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत असाल तर मळत राहा, आवाज तेवढा मोठा करून ठेवा.

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, त्याच्या आधी शेळ्यांच्या लसीकरणावर. या वेळी रेडिओच्या ताईंनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, पोलिसांची मालिका. त्या हसल्या. म्हणाल्या, बचत गटाच्या बायकांना मालिकेवर काय बोलायचंय? आम्ही म्हटलं, एकच भाग आहे, पण तो आम्ही दोनदा बघितलाय. दुसऱ्यांदा बघितला त्याचं बोलायचंय.

मालिकेचं नाव ‘दहाड’. हिंदी आहे. २०२३ च्या मे महिन्यात अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली. साध्या टीव्हीवर लागत नाही, त्याची वर्गणी भरावी लागते. एकूण ८ भाग, एकेक भाग जवळजवळ तासाभराचा. रीमा कागती आणि झोया अख्तर या दोघींनी ती रचली आहे, आणि दिग्दर्शन रीमा कागती आणि रुचिका ओबेरॉय यांचं. म्हणजे बायकांनीच केलेली. सोनाक्षी सिन्हा त्यात फौजदारीण आहे, अंजली भाटी नावाची. मोटारसायकलवर फिरते, ज्युदो खेळते, कोणी वाकडं बोललं तर उचलून आपटते. आमच्या गटातल्या पोरीसोरींना तेच आवडलं.

आमच्याकडे ती कशी पोचली, तर अध्यक्षताईंचा मुलगा दिवाळीला गावी आला होता, त्याच्या फोनवर वर्गणी भरलेली होती. त्यानं फोन टीव्हीला जोडून दिला. भुईमूग निघाला होता, त्यामुळे आम्ही चौदा जणी शेंगा फोडत बसलो होतो. शेंगा फोडताना मान खाली असते. शिवाय मालिकेतलं बोलणं राजस्थानी वळणाचं, अर्धं डोक्यावरून गेलं. मध्ये एकदा लाइटही गेली. तरी भाग आवडला. खुनी कोण हे त्यात फार लपवून ठेवत नाहीत, पहिल्यापासूनच अंदाज येतो. मग सगळ्या जणी ‘आता सापडेल का तो’ एवढंच बघत राहिल्या. शेंगा झाल्या, टरफलं गोळा केली, घरी गेलो.

मग महिन्याभरानं मासिक बैठक झाली. वसुली झाली, सह्या झाल्या, आणि एक काकू म्हणाल्या, ‘ती मालिका परत लावा की. मला त्या भावाचं काही कळलंच नाही. तो खोटं का बोलला?’ भावाचं नाव निघालं आणि आमच्या लक्षात आलं की कोणालाच ते नीट सांगता येत नाही. पहिलाच भाग परत लावला. या वेळी हातात काही घेतलं नाही.

तर त्या भागाची गोष्ट सांगतो. गाव मंडावा. राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यात खरोखरचं गाव आहे, तिथल्या हवेल्यांच्या भिंतींवर जुनी चित्रं रंगवलेली आहेत, लोक लांबून बघायला येतात. मालिकेत त्या गावात दोन मुली एकाच सुमाराला घरातून गेलेल्या आहेत.

पहिली ठाकूर घराण्यातली. तिचं एका मुस्लिम मुलावर प्रेम आहे आणि ती त्याच्यासोबत गेली आहे. आपल्या मर्जीनं गेली आहे. तिच्यासाठी गावात मोर्चा, घोषणा, पुढाऱ्यांची ये-जा. वरून साहेबांचे फोन. पोलिसांच्या गाड्या धावताहेत.

दुसरीचं नाव कृष्णा. दलित कुटुंबातली, लग्नाचं वय उलटत चाललेली, हुंड्याला पैसे नाहीत. तीही घरातून गेली आहे आणि तिचा काही पत्ता नाही. तिचा भाऊ मुरली ठाण्यात येतो. नुसता येतो, बसतो, जातो. त्याची तक्रार कोणी मनावर घेत नाही. मोठी बाई आहे, गेली असेल कोणाबरोबर, असं म्हणून त्याला वाटेला लावतात.

मग मुरली काय करतो, तर त्या मोर्चावाल्यांकडे जातो आणि सांगतो, माझी बहीणसुद्धा मुसलमान मुलानं पळवली. साफ खोटं. पण त्याबरोबर चक्रं फिरतात. ज्याला कोणी पाणी विचारत नव्हतं त्याच्या बहिणीसाठी आता घोषणा होतात आणि ठाण्याला तपास सुरू करावाच लागतो.

पहिल्यांदा बघताना आम्हाला वाटलं होतं, हा भाऊ लबाड आहे. दुसऱ्यांदा बघितल्यावर त्या काकूच म्हणाल्या, ‘अगं, खरं सांगून झालं होतं की त्याचं. कितीदा सांगून झालं होतं.’ तरी आमच्यात यावर एकमत झालं नाही, ते सांगायला पाहिजे. एक जण म्हणाली, त्याच्या खोटेपणामुळे भलत्याच कोणाची घरं पेटली असती. आमच्या गटात दोघी मुस्लिम मैत्रिणी आहेत. त्यातली एक इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘पेटली असती म्हणजे आमचीच.’ त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही. थोडा वेळ टीव्ही तसाच थांबवून ठेवला होता.

दुसऱ्यांदा बघताना आणखी एक गोष्ट दिसली. ठाण्यात एक शिपाई आहे. अंजली मॅडम त्याच्या टेबलाजवळून गेल्या की तो अगरबत्ती लावतो. पहिल्यांदा आम्हाला वाटलं देवभोळा असेल. या वेळी आमच्यातल्या सगळ्यात वयस्क माई म्हणाल्या, ‘थांबव. मागे घे. ती उदबत्ती बघ कधी लावतो तो.’ मागे घेऊन बघितलं. बाई पुढे गेली की लावतो. अंजलीचं आडनाव भाटी असलं तरी तिचं घराणं मेघवाल, वडिलांनी आडनाव बदलून घेतलेलं. गावाला ते माहीत आहे. अंगावर वर्दी, कमरेला पिस्तूल, आणि मागे हा धूर. माई म्हणाल्या, ‘आमच्या लहानपणी दुकानदार आमचे पैसे वरून पाणी शिंपडून उचलायचा. आम्ही म्हणायचो, नोटा स्वच्छ ठेवतोय.’ त्या हसून बोलल्या. आम्हाला हसता आलं नाही.

आणि घरी? घरी अंजलीची आई तिच्यापुढे मुलांचे फोटो ठेवते. लग्न कधी करणार, वय चाललंय, लोक काय म्हणतात. जे कृष्णाला ऐकावं लागलं असणार तेच या फौजदारणीला जेवताना ऐकावं लागतं. पहिल्यांदा बघताना आम्ही या जागी एकमेकींकडे बघून हसलो होतो, कारण आमच्या प्रत्येकीच्या घरात हेच चालतं. दुसऱ्यांदा कळलं की खुनी नेमका इथूनच आत शिरतो.

खुनी कसा माणूस आहे ते सांगायला हरकत नाही, म्हटलं ना, ते लपवलेलं नाही. विजय वर्मानं ते काम केलंय. मुलींच्या कॉलेजात हिंदी शिकवणारा मास्तर. बायको, मुलगा, नीटनेटकं घर. सुट्टीच्या दिवशी गाडीत पुस्तकं भरून खेड्यातल्या मुलांना वाचायला नेतो. आवाज मऊ. असा माणूस आपल्या गावात आला तर आपण त्याला खुर्ची देऊ आणि चहा करू. तो ज्यांचं लग्न हुंड्यापायी अडलंय अशाच मुली हेरतो. ज्यांच्याशी घरात कोणी गोड बोलत नाही, त्यांच्याशी फोनवर गोड बोलतो. लग्न करू म्हणतो, दागिने घेऊन ये म्हणतो. आणि त्या बायका पुढे कुठल्या तरी सार्वजनिक शौचालयात, आतून कडी लावलेली, नवरीसारख्या नटलेल्या, मेलेल्या सापडतात. बेवारस म्हणून त्यांची नोंद होते.

हे सगळं मनानं रचलेलं आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. शेजारच्या कर्नाटकात मोहन कुमार नावाच्या एका शाळामास्तरानं असंच केलं होतं. २००३ ते २००९ या काळात २० बायका मारल्याचा त्याच्यावर आरोप होता. गरीब घरच्या, हुंड्यामुळे लग्न न ठरलेल्या. लग्नाचं वचन द्यायचा, परगावी न्यायचा, दुसऱ्या दिवशी गर्भ राहू नये म्हणून गोळी घे असं सांगून बसस्थानकाच्या शौचालयात पाठवायचा. त्या गोळीत सायनाइड असायचं. दागिने तो घेऊन जायचा. २०१३ साली मंगळुरूच्या न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं. ‘दहाड’ बघणाऱ्या अनेकांना तेच प्रकरण आठवलं.

आता जरा थांबून विचार करा. एका माणसानं इतक्या बायका मारल्या आणि इतकी वर्षं कोणाला कसं कळलं नाही? मालिकेत पुढच्या भागात अंजली कृष्णाच्या फोनचा तपशील काढते. त्यातून एक नंबर निघतो. तो नंबर असतो दुसऱ्या एका बाईचा, आणि तीही घरात नसते. तिच्या फोनवरून तिसरीचा नंबर. तीही नसते. खुनी एकीच्या फोनवरून पुढचीला फोन करत गेलेला असतो. आकडा २५ च्या पुढे जातो. अंजली एकेका घरी जाते आणि विचारते, तक्रार का नाही दिली? घरोघरी साधारण एकच उत्तर. पळून गेली, आमचं नाक कापलं, आमच्या लेखी मेली. काही घरांत ते बोलत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं, की हुंडा वाचला.

आम्हाला तो पहिला भाग परत बघावासा वाटतो तो यासाठी. पुढच्या भागांत पाठलाग आहे, पुरावे आहेत, हातावर तुरी देणं आहे, ते सगळं चांगलंच आहे. थोडं लांबवलंय असंही आम्हाला वाटलं, सहाव्या-सातव्या भागापर्यंत दोघी-तिघींनी डुलक्या काढल्या. पण पहिल्या भागात ठाण्याच्या त्या बाकड्यावर बसलेला मुरली आहे. एक मुलगी स्वतःच्या इच्छेनं गेली तिच्यामागे सगळं गाव लागलंय, आणि एक खरोखर नाहीशी झाली तिचं नाव लिहून घ्यायला कोणी वही उघडत नाही.

त्या रात्री टीव्ही बंद झाला तरी बायका उठेनात. मग आमच्यातली एक, तिचं नाव इथे घेत नाही, हळूच म्हणाली, ‘माझ्या नणंदेची पोरगी पण गेलीय. दिवाळीच्या आधी.’

आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, ती पुण्याला कंपनीत कामाला लागली. तसंच सांगितलेलं होतं. मग एकेक बाहेर आलं. वय २४. बारावी झालेली. दोन स्थळं हुंड्यावरून मोडली, तिसरं बिजवराचं ठरत होतं. एका सकाळी घरातून गेली. चार दिवसांनी आईच्या फोनवर मेसेज आला, ‘मी सुखात आहे. मला शोधू नका.’ त्यानंतर फोन बंद. बाप म्हणाला, विषय संपला. आई रडायची, पण रात्री, पांघरुणात.

माईंनी विचारलं, ‘मेसेज आला. आवाज कोणी ऐकलाय का तिचा?’

कोणीच ऐकला नव्हता. आणि कृष्णाची गोष्ट नुकतीच बघितलेली. आमच्या हातापायातलं बळच गेलं.

दुसऱ्या दिवशी आईला समजवायला तिघी गेलो. बाप अंगणात बसून होता. म्हणाला, ‘ठाण्यात जाऊन काय गावभर बोंब मारता का?’ आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. आई आत गेली, चप्पल घातली आणि बाहेर आली. एवढंच.

ठाण्यात आधी दोन तास बसवलं. मग एका माणसानं विचारलं, पळून गेली का? आम्ही म्हटलं, ते आम्हाला माहीत नाही, म्हणून तर आलोय. म्हणाला, अठरा वर्षांच्या पुढची आहे, मेसेजही आलाय, घरी जा, येईल. आम्ही आलोही घरी. खोटं कशाला सांगायचं, पहिल्या दिवशी आम्ही घरी आलो. वाटेत कोणी बोललं नाही. फाट्यावर उतरल्यावर एकीनं म्हटलं, ‘आपण मुरली झालो की गं.’

मग शिकायला लागलो. तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या वकील ताईंना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही कुठं तरी लिहून ठेवा. पेन जवळ नसेल तर पोराला सांगा.

माणूस हरवला की चोवीस तास थांबावं लागतं, असं आपण ऐकतो. असा कुठलाही नियम नाही. तासाभरात वाटलं तर तासाभरात जावं. मोठ्या माणसाची ‘हरवलेली व्यक्ती’ म्हणून नोंद होते, त्या नोंदीचा नंबर मागून घ्यावा. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल तर नुसती नोंद चालत नाही, अपहरणाचा गुन्हाच दाखल करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच तसं सांगितलंय. काही घातपात झाल्याचा संशय असेल तर मोठ्या बाईच्या बाबतीतही गुन्हा नोंदवायला सांगता येतं. हद्द आमची नाही, असं म्हणून ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे ज्याच्या त्याच्या हद्दीत पाठवतात. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला, नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या १७३ कलमात ते स्पष्टच लिहिलंय. गुन्ह्याची प्रत फुकट मिळते. आणि नोंदवूनच घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायची, पोचपावती जपून ठेवायची. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. रात्री-अपरात्री ११२, बायकांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८.

वकील ताईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते आम्हाला जरा बोचलं. म्हणाल्या, १८ च्या पुढची मुलगी स्वखुशीनं गेली असेल आणि सापडल्यावर परत यायचं नाही म्हणाली, तर तिला कोणी ओढून आणू शकत नाही. पोलीसही नाही, तुम्हीही नाही. तुम्ही शोधताय ते तिला आणायला शोधताय, की ती जिवंत आहे का हे बघायला? आधी ठरवा.

यावर गटात रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. ठाकुराच्या त्या मुलीची आठवण निघाली. तिलाही ‘शोधत’च होते ना. काही जणी म्हणाल्या, सापडली तर आणायचीच, आईची काय दशा आहे बघा. बऱ्याच वेळानं आईच म्हणाली, ‘मला आवाज ऐकू द्या तिचा. मग कुठंही राहू दे.’ तसं इतिवृत्तात लिहिलं. बचत गटाच्या वहीत, कर्जमागणीच्या खाली.

दुसऱ्यांदा ठाण्यात नऊ जणी गेलो. अर्ज लिहून नेला, दोन प्रती. एका प्रतीवर शिक्का मागितला. त्या दिवशी तिथं एक महिला पोलीस होत्या, वयानं लहान. त्यांनी अर्ज वाचला, आम्हाला बसवलं, आणि वही उघडली. आमच्यातल्या एकीनं त्यांना विचारलं, ‘मॅडम, तुम्ही ‘दहाड’ बघितलंय का?’ त्या म्हणाल्या, ‘वेळ कुठाय, ताई.’

फोनचा माग निघाला. मुलगी सापडली. जिवंत आहे. दुसऱ्या जिल्ह्यात एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला, चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. मेसेज तिनंच केलेला होता. फोन बंद केला कारण मामा त्या फोनवर धमक्या देत होता. तिनं पोलिसांपुढे जबाब दिला की मी परत येणार नाही, माझा पत्ता घरी देऊ नका. पत्ता आम्हालाही माहीत नाही, आणि आम्ही तो विचारला नाही. ठाण्यातल्या फोनवरून आईशी दोन-तीन मिनिटं बोलली. काय बोलली ते आईनं सांगितलं नाही. फक्त म्हणाली, सर्दी झालेली दिसतेय तिला.

गावात लोक म्हणाले, बघा, सुखात होती, उगाच बायकांनी दंगा केला. आमच्या एका गटाच्या सचिवसुद्धा तेच म्हणाल्या. त्यांचं पूर्ण चुकतंय असंही आम्हाला म्हणता येत नाही, कारण त्या मुलीला आमच्यामुळे ठाण्याची पायरी चढावी लागली. पण दिवाळीपासून तोवर ती सुखात आहे हे कोणाला माहीत होतं? कृष्णाच्या घरीही असंच धरून चालले असते तर मुरली बाकड्यावर जाऊन बसलाच नसता.

तेव्हापासून प्रभागसंघातल्या सगळ्या गटांत आम्ही हा एक भाग दाखवतो. पूर्ण मालिका नाही, पहिला भाग. सूचना एकच, पोरं झोपल्यावर लावा. शिव्या फार आहेत आणि काही दृश्यं लहानांसमोर बघण्यासारखी नाहीत. जिथं भाषा अडते तिथं थांबवून सांगतो. उदबत्तीपाशी थांबवतोच. आणि शक्यतो दोनदा दाखवतो, मध्ये महिना जाऊ देतो. पहिल्यांदा बायका सोनाक्षीकडे बघतात, मोटारसायकलीकडे बघतात. दुसऱ्यांदा त्या बाकड्याकडे बघतात. मग कोणीतरी घसा खाकरतं.

असंच मागच्या महिन्यात शेजारच्या गावात झालं. तिथल्या एक मावशी पुढे आल्या. त्यांची जाऊ सहा वर्षांपूर्वी गेली आहे. नवऱ्याशी भांडून ऊसतोडीच्या फडावरून निघाली, माहेरी पोचलीच नाही. सासरचे म्हणाले माहेरी असेल, माहेरचे म्हणाले सासरी असेल. दोन्हीकडे पाच-सहा महिने असंच गेलं आणि मग विचारायचीच लाज वाटायला लागली. तिला एक मुलगा आहे, आता नववीत. त्याला सांगितलंय की आई मुंबईला असते.

तिची नोंद करायला आम्ही मावशींबरोबर ठाण्यात गेलो. वर्णन लिहून घेतलं. उंची, रंग, हातावर गोंदलेलं नाव, बोलीभाषा. मग त्यांनी फोटो मागितला. फोटो घरात नव्हता. आधारकार्ड ती बरोबर घेऊन गेलेली. रेशनकार्डावर फोटो कुटुंबप्रमुख म्हणून सासूचा. शेवटी दिराच्या लग्नातला एक फोटो मिळाला. त्यात सगळं घर उभं आहे आणि ती मागच्या रांगेत, पदर पुढे ओढलेला, अर्धा चेहरा सासऱ्यांच्या फेट्याआड. तोच दिला. ठाण्यातल्या माणसानं तो बराच वेळ उजेडाकडे धरून बघितला.

तेव्हा येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं स्वतःचा एक फोटो आणायचा आहे, समोरून काढलेला, पदर मागे घेऊन. सुनेचाही आणा, लेकीचाही आणा. मागं नाव आणि तारीख लिहा. ते कुठं ठेवायचे ते आपण बैठकीत ठरवू. पंधरा दिवसांनी याच वेळेला परत भेटू. नमस्कार.